पाचाने गुणून

“बाहेर या आता, बाई,” अक्का म्हणाल्या. “ओठ निळे पडलेत तुमचे.”

मी भिंतीवरच्या थर्मामीटरशेजारी माझा थर्मामीटर धरून उभी होते. भिंतीवरचा साडेतीन अंश दाखवत होता, माझाही साडेतीन. बाहेर तासगावचा एप्रिल होता. आत छतापर्यंत बेदाण्याचे बॉक्स रचलेले, प्रत्येकात पंधरा किलो, आणि मधून माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. अक्का त्या वाटेनं सरळ चालत होत्या. साठीच्या, काटक, कपाळाला विभूती, लुगड्यावर पुरुषी स्वेटर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“काय म्हणतोय तुमचा काटा?”

“तुमचा म्हणतोय तेच.”

“मग बरोबर असंल तुमचा,” त्या म्हणाल्या आणि चेंबरचं दार लावून घेतलं.

ही गोष्ट २००७ सालची. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तीन वर्षं एका कॉलेजात तासिकेवर शिकवलं होतं, आणि तासिकेच्या पैशांत भागेना म्हणून पुण्यात दाबके सरांकडे लागले होते. ऑफिस लहान होतं. सर, दोन सीए, एक टायपिस्ट आणि मी. पुण्यातल्या काही पैसेवाल्या घरांची रक्कम सर निरनिराळ्या धंद्यांत गुंतवत. त्यातल्या एका घराला बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज विकत घ्यायचं होतं. विकायला दोन होती. एक हिंगमिरे बंधूंचं, दुसरं तिथून अकरा किलोमीटरवर मगदूम यांचं. दोन्ही बघायची, तुलना करायची आणि एकाचं नाव सांगायचं, हे माझं काम होतं. स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच.

शिवाप्पा आणि काडाप्पा हे दोघे हिंगमिरे भाऊ सांगलीत राहायचे आणि आठवड्यातून दोनदा तासगावला यायचे. अक्का त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आली, १९८५ साली कोल्ड स्टोअरेज बांधलं तेव्हा तिथल्या एका खोलीत राहायला गेली, ती तिथंच होती.

त्या खोलीत अक्कांनी मला चहा दिला. मशीनघराला लागून दहा बाय बाराची खोली. खाट, स्टोव्ह, सिद्धरामेश्वरांची तसबीर, आणि एका फळीवर बावीस रजिस्टरं. दर वर्षाचं एक. मला रजिस्टरं आवडतात. मी पहिलं उघडलं.

तारीख, वेळ, तापमान, शेरा, सही असे पाच रकाने होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. दुसरं उघडलं, नववं उघडलं, एकविसावं उघडलं. सगळीकडे एकच अक्षर, थोडं उजवीकडे कललेलं. सहीचा रकाना सगळीकडे कोरा.

“सही का नाही?”

“कुणाला दाखवायची सही? घरचंच हाय की.”

शेऱ्याचा रकाना मात्र नीट भरलेला. ‘लॉट १४, पाटलांचा, दमट, वरच्या थराला हलवला.’ ‘गॅसचा वास, व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं.’ ‘वीज गेली. जनरेटर बंद. पाच तास. साडेतीनचे चार झाले.’ हे शेवटचं मी दोनदा वाचलं आणि मनातल्या मनात गणित केलं. एवढा माल थंड असला की तो स्वतःच थंडी धरून ठेवतो. आकडा जुळत होता.

नवव्या रजिस्टरमध्ये एका ठिकाणी दुपारची नोंद नव्हती.

“ही राहिली का?”

अक्कांनी वाकून तारीख बघितली. “त्या दिवशी आई गेली,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळची हाय बघा.”

संध्याकाळची होती.

एवढ्यात शिवाप्पा आले. पांढरा सफारी, हातात दोन मोबाइल. अक्कांनी त्यांनाही कप दिला. ते उभ्यानंच प्यायले.

“झालं का बघून, मॅडम? मगदूम दोन कोटी साठ मागतोय, आम्ही एक कोटी साठ. कोटीचा फरक हाय. आता काय बघायचं ऱ्हायलंय?”

“कर्ज.”

“कर्ज तर सगळ्यांनाच असतंय.”

“तुमच्यावर एक कोटी आहे. त्यांच्यावर चाळीस लाख. जो घेईल त्याला तेही फेडायचंय.”

शिवाप्पांनी बहिणीकडे बघितलं. “पुण्याची माणसं, अक्का. भाव विचारायच्या आधी कर्ज विचारत्यात.”

“मग बरोबरच हाय की,” अक्का म्हणाल्या.

पैसे घेऊन दोघे भाऊ पुण्याला जाणार होते. दोघांची मुलं तिकडे नोकरीला, हिंजवडीला फ्लॅट बुक झालेले. मी कप खाली ठेवत विचारलं, “आणि अक्का?”

“अक्काचं काय? अक्का आमच्याबरोबर. सहा महिने माझ्याकडं, सहा महिने काडूकडं.” ते हसले. “बावीस वर्षं गारठ्यात काढली, आता जरा सोफ्यावर बसू दे.”

ते बाहेर गेल्यावर अक्कांनी त्यांचा कप विसळला. माझ्या मांडीवर जागेचा नकाशा होता, तो त्यांनी बोटानं दाखवला.

“ही खोलीबी गेली का हो ह्यात, बाई?”

मी नकाशा बघितला. खोली होती. आत लिहिलं होतं ‘स्टोअर रूम, १० x १२’.

“हो,” मी म्हणाले. “सगळी जागा आहे त्यात.”

“काय लिवलंय तिथं?”

मी वाचून दाखवलं. मग पाच वाजले, ऑपरेटर सायकल काढून घरी गेला आणि अक्का उठल्या. रात्रपाळीचा ऑपरेटर आठला यायचा. पाच ते आठ मशीन अक्का बघायच्या.

*

मला सरांकडे शिकायला मिळालेली मुख्य गोष्ट अशी, की मालक सांगतो ती धंद्याची किंमत नसते, ती मालकाच्या हिश्श्याची किंमत असते. धंद्याची पुरी किंमत काढायची तर मालकाला द्यायचे पैसे घ्यायचे, त्यात कर्ज मिळवायचं आणि धंद्यात पडून असलेली रोकड वजा करायची. ऑफिसात तिला ईव्ही म्हणत. मग धंदा वर्षाला किती कमावतो ते बघायचं, व्याज, कर आणि घसारा वजा जाण्याआधीचं. ईव्हीला त्या कमाईनं भागायचं. येईल तो पट. ज्याचा पट कमी, ते स्वस्त.

पहिल्याच आठवड्यात मी सरांना म्हणाले होते की रुपयांना दरवर्षीच्या रुपयांनी भागलं तर उत्तर वर्षांत येतं. तेव्हा हा पट नाही, ही वर्षं आहेत.

“पट म्हण,” सर म्हणाले. “वर्षं म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं.”

मगदुमांचे दोन कोटी साठ, अधिक चाळीस लाख कर्ज, वजा दहा लाख रोकड. दोन कोटी नव्वद. कमाई पन्नास लाख. पट पाच पूर्णांक आठ. हिंगमिऱ्यांचे एक कोटी साठ, अधिक एक कोटी कर्ज, रोकड काही नाही. दोन कोटी साठ. कमाई बावन्न लाख. पट बरोबर पाच. शिवाप्पा म्हणत होते तो कोटीचा फरक कर्ज आणि रोकड धरल्यावर तीस लाखांवर आला होता, तरी हिंगमिरेच स्वस्त होते. सरांची मर्यादा पाच होती. पाचाच्या वर सर कधी जात नसत. का, ते मी विचारलं नव्हतं.

मी अहवाल लिहिला, हिंगमिरे घ्या म्हणून. सरांनी पाठीवर थाप मारल्यासारखं टेबलावर थाप मारली आणि पुरवण्या जोडून आण म्हणाले.

पुरवण्या जोडताना दोन्ही पगारपत्रकं शेजारी शेजारी आली. माझी सवय अशी, की दोन मापं शेजारी आली की मी एकेक ओळ जुळवत जाते. ऑपरेटर दोन, इकडेही दोन. वॉचमन एक, इकडेही एक. हमाल मुकादम, इकडेही. मॅनेजर, अठरा हजार. इकडे नाही. रात्रीचा सुपरवायझर, बारा हजार. इकडे नाही.

मगदुमांच्या कमाईतून महिन्याला तीस हजार आधीच गेलेले होते. हिंगमिऱ्यांच्या कमाईतून गेलेले नव्हते, कारण ते घेणारं माणूस घेत नव्हतं. मी एक वजन कपड्यांसकट केलं होतं आणि दुसरं कपडे काढून. प्रॅक्टिकलच्या वर्गात एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर मी वही परत दिली असती.

सरांकडे गेले आणि चूक झाली म्हणून सांगितलं.

“किती?”

“वर्षाला तीन लाख साठ हजार. बावन्नचे अठ्ठेचाळीस लाख चाळीस हजार होतात. पट पाचाच्या वर जातो.”

सरांनी कॅल्क्युलेटर ओढला. “पाचानं धर. दोन कोटी बेचाळीस. कर्ज काढ. एक कोटी बेचाळीस.” त्यांनी वर बघितलं. “एक कोटी साठवरून एक कोटी बेचाळीस. वैजयंती, तू पार्टीचे अठरा लाख वाचवलेस. ह्याला तू चूक म्हणतेस?”

मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते. आणि त्याहून जास्त बरं वाटलं ते वेगळ्या कारणानं. बावीस वर्षं जे काम कुठल्याच कागदावर नव्हतं, ते मी कागदावर आणलं, असं मला वाटलं. बसमध्ये बसून मी हे वाक्य दोन-तीनदा मनाशी म्हटलं.

*

पंधरा दिवसांनी सर आणि मी तासगावला गेलो. बैठक कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात, दुपारी चारला. दोघे भाऊ आले होते. काडाप्पा, धाकटे, गोरे, जाड, बोटांत अंगठ्या. अक्कांनी चहा आणून ठेवला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. बस म्हणून कुणी सांगितलं नाही, जा म्हणूनही नाही.

सरांनी कागद पुढे सरकवला. मी टाइप केलेला, एकच पान. शिवाप्पांनी तो चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून परत वाचला.

“हे काय? मॅनेजर? आमच्याकडं कुठं मॅनेजर हाय?”

“नाही,” सर म्हणाले. “म्हणूनच धरला. आम्ही चालवायला घेणार, आम्हाला ठेवावा लागणार. वैजयंती, सांग.”

मी सांगितलं. मगदुमांकडे ही दोन माणसं पगारी आहेत. इथं त्यांचं काम अक्का करतात. त्यांचा पगार धरला नाही तर दोन्हींची तुलना होत नाही.

“अहो, तिला कुठं पगार देतोय आम्ही!” काडाप्पा म्हणाले. “घरची हाय ती!”

“आमच्या घरची नाहीत,” सर म्हणाले.

यानंतर तासभर जे झालं ते अशा बैठकांत नेहमी होतं. शिवाप्पा दोनदा उठून बाहेर गेले आणि दोनदा आत आले. काडाप्पांनी देवाची शपथ घेतली. सरांनी मगदुमांचं नाव तीनदा घेतलं, तिसऱ्यांदा मोबाइल हातात धरून. भावांना फ्लॅटचा हप्ता जूनमध्ये भरायचा होता आणि ते सरांना ठाऊक होतं. पावणेसहाच्या सुमारास शिवाप्पा म्हणाले, “एक बेचाळीस. घ्या लिहून.”

काडाप्पांनी खुर्ची मागे लोटली. “बघ, अक्का. तुझ्यापायी अठरा लाखाचा फटका बसला आम्हाला.”

अक्का स्टुलावर होत्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, भावाला नाही.

“बाई, हे अठरा लाख कसं काढलंत?”

मी सांगितलं. महिन्याला तीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. त्याला पाचानं गुणलं.

“पाचानंच का?”

“आम्ही पाच वर्षांची कमाई धरून किंमत देतो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, वर्षं म्हटलं म्हणून.

“मी तर बावीस वर्षं करतीय.”

“हो. पण हिशेब पुढचा असतो, अक्का. मागचा नसतो.”

“मागचा कोण करतंय मग?”

काडाप्पांनी अंगठी फिरवली.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “हे अठरा लाख ह्यांच्यातनं काढलंसा. ते गेले कुठं?”

मी सरांकडे बघितलं. सर कागद आवरत होते. “कुठं गेले नाहीत, मावशी. आम्ही द्यायचे होते ते दिले नाहीत, एवढंच.”

“म्हणजे तुमच्याकडं ऱ्हायले.”

“तसं म्हणा.”

“माझ्या कामाचे म्हणून कापले, आणि तुमच्याकडं ऱ्हायले.”

सर काही म्हणणार होते, तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षी तासगावला रोज सहाला भारनियमन होतं, नवं काही नाही. पंखा मंदावत थांबला. मग मशीनघरातला कॉम्प्रेसर थांबला, आणि तो थांबल्यावर मला कळलं की दुपारपासून एक आवाज होता.

अक्का उठल्या नाहीत.

शिवाप्पा म्हणाले, “अक्का, जनरेटर.”

“मॅनेजरला सांग.”

“कुठल्या मॅनेजरला?”

“त्या कागदावरच्या. अठरा हजाराच्या.” त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली एक किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. “किल्ली ही हाय.”

काडाप्पांनी किल्ली उचलली, दारापर्यंत गेले आणि परत आले. “आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा?”

“रजिस्टरमधी लिवलंय. एकोणीसशे सत्त्याऐंशी.”

“अक्का, चेष्टा करू नगंस! आत लोकांचा माल हाय दोन कोटीचा! काळा पडला तर शेतकरी दारात येऊन बसतील!”

“येतील की. मला ओळखत्यात ते.”

ऑपरेटर आठला येणार होता. शिवाप्पांनी त्याला फोन लावला, तो लागला नाही. सर पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांनी घड्याळ बघितलं, मग चेंबरच्या दाराकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न होता तो त्यांनी विचारला नाही. विज्ञानाची पदवी माझ्याकडे होती, आणि तरीही त्यांना वाटलं असावं की बेदाण्यातलं मला काय कळणार.

मला कळत होतं. पाच तासांत अर्धा अंश. दारं बंद होती, माल भरलेला होता. आठपर्यंत काही म्हणता काही होणार नव्हतं, दहापर्यंतसुद्धा नाही. मी वर बघितलं तर अक्का माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचं रजिस्टर मी वाचलं होतं आणि ते शेऱ्याचं वाक्य दोनदा वाचलं होतं, हे त्यांनी चहा गाळता गाळता बघितलेलं असणार.

मी माझ्या वहीत बघायला लागले.

“मावशी,” सर म्हणाले, “काय हवंय तुम्हाला?”

“मला काय पायजे? तुम्हाला मॅनेजर पायजे. अठरा लाख त्यासाठीच ठेवलेत न्हवं तुमच्याकडं?”

“हो.”

“नेमलासा का कुणाला?”

“अजून नाही.”

“मग नेमा.”

सर हसले. ते हसले की सौदा झाला असं आम्ही ऑफिसात समजायचो. “वैजयंती, लेटरहेड आहे?”

होतं. मी हातानं नेमणूकपत्र लिहिलं. नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “गौराबाई लिवा. अक्का ह्यांच्यापुरती.” हुद्दा मॅनेजर. पगार दरमहा रुपये अठरा हजार. माझा पगार तेव्हा चौदा हजार होता. मी शून्यं नीट गोल काढली. रात्रीचा सुपरवायझर कंपनी वेगळा नेमेल, असंही त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. “दोघांचं काम आता न्हाई जमत,” म्हणाल्या.

शिवाप्पा घाम पुसत होते. “झालं का आता? उठ की.”

“तुमचं ऱ्हायलंय.” अक्का त्यांच्याकडे वळल्या. “पाच वर्षांचं ह्यांनी बघितलं. बावीसातनं पाच गेले, सतरा. बाई, तीन लाख साठ हजार गुणिले सतरा किती?”

“एकसष्ट लाख वीस हजार,” मी म्हणाले.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय आहे.

काडाप्पा खाली बसले. “अक्का, तू आमची बहीण हायस.”

“मग? त्याचे पैसे धरले न्हाईत. एकसष्ट लाख नकोत मला. सहा महिने हितं आणि सहा महिने तितं, तेबी नको. माझी खोली विकायची न्हाई. माझ्या नावावर करून द्या.”

“खोली?” शिवाप्पांना आधी समजलंच नाही. “ती मशीनघराजवळची?”

“नकाशात स्टोअर रूम म्हणून हाय ती.”

शिवाप्पांनी सरांकडे बघितलं. सरांनी खांदे उडवले. दहा बाय बारा. एवढ्यासाठी कुणी घड्याळ बघत बसत नाही. करारनाम्याच्या मसुद्यात मी जागेच्या वर्णनाखाली एक ओळ वाढवली, ‘स्टोअर रूम वगळून’, आणि चौघांनी तिच्यासमोर आद्याक्षरं घातली. घाईत काडाप्पांचं अक्षर फार वाईट आलं.

मग अक्का उठल्या, टेबलावरची किल्ली उचलली, नेमणूकपत्र घडी करून पोलक्यात ठेवलं आणि मशीनघरात गेल्या. दोन मिनिटांनी जनरेटर सुरू झाला.

*

परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं. गाडी टोलनाक्यापाशी थांबली तेव्हा सर म्हणाले, “ते चेंबर. वीज नसली की किती वेळ तग धरतं?”

“अर्धा अंश चढायला पाच तास.”

सरांनी ड्रायव्हरला सुट्टे दिले, पावती घेतली, ती पाकिटात ठेवली.

“आणि हे तू मला कधी सांगणार होतीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत, सर.”

मला वाटलं, उद्या टेबल आवरायचं. पुढच्या महिन्यात माझा पगार दोन हजारांनी वाढला. कारण लिहिलेलं नव्हतं.

तुलनेचा तक्ता मी नव्याने केला, कारण आता मॅनेजरचा पगार खरोखरच जाणार होता. दोन कोटी बेचाळीस भागिले अठ्ठेचाळीस लाख चाळीस हजार. पाच. पहिल्या अहवालातही पाचच होते. तेव्हा ते चूक होते.

पुढच्या वर्षी तपासणीला मला तासगावला पाठवलं. अक्का चेंबरमध्ये होत्या, नव्या सुपरवायझरला लॉट हलवायचा समजावत. त्यांचा आवाज दाराबाहेर येत होता. मी खोलीत गेले आणि फळीवरचं आदल्या वर्षाचं रजिस्टर काढून त्या तारखेचं पान उघडलं.

सकाळी सहा, साडेतीन. दुपारी बारा, साडेतीन. त्याखाली संध्याकाळची नोंद होती, बावीस वर्षांत पहिल्यांदाच सहाची नसलेली. वेळ सहा पन्नास. तापमान साडेतीन. शेरा काही नाही.

शेवटच्या रकान्यात सही होती. गौराबाई. अक्षर उजवीकडे कललेलं, आणि रकाना लहान पडल्यामुळे शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं.